'आलेच' इंग्रजीत कसं म्हणायचं: लवकरच होणाऱ्या गोष्टी सांगायला शिकणाऱ्यांसाठी

फोनवर कुणी विचारलं कुठे आहेस, तर आपण म्हणतो 'निघालेच', नाहीतर 'आलेच', नाहीतर 'येते गं थोड्या वेळात', नाहीतर 'एवढ्यात काही जमत नाही', आणि यातल्या प्रत्येकातून समोरच्याला बरोबर कळतं की दारात उभं राहून वाट बघायची का निवांत बसायचं. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, ऐकून ऐकून येतं. इंग्रजी बोलायला लागलं की मात्र या सगळ्यांच्या जागी एकच शब्द येऊन बसतो, सून. आय विल कम सून, आय विल सेंड सून, इट विल हॅपन सून. चुकीचं नाहीये ते, पण त्यातून समोरच्याला काही हातालाच लागत नाही, कारण सून म्हणजे दोन मिनिटंही असतात आणि दोन महिनेही.

मी नव्याने इंग्रजी बोलणाऱ्यांना बरीच वर्षं मदत करतेय आणि माझं स्पष्ट मत आहे की स्पेलिंग, उच्चार यांपेक्षा हे 'लवकरच'चं प्रकरण जास्त गैरसमज करतं, कारण इथे चुकलं तर वाक्य चुकीचं वाटतच नाही, ते ठीकठाकच वाटतं, फक्त समोरचा माणूस भलत्याच वेळी वाट बघत बसतो. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमाने घ्या, एका दिवसात सगळं पाठ करू नका, पहिल्या तीन पक्क्या झाल्या तरी रोजचं बोलणं बरंच सुधारतं.

पायरी 1: आधी ठरवा की समोरच्याने किती थांबायचंय

वाक्य बनवायच्या आधी स्वतःला हा प्रश्न विचारा. अगदी काही सेकंद? काही मिनिटं? आज कधीतरी? थोडे दिवस? का नक्की माहीत नाही पण होणार आहे? मग शब्द निवडायचा.

सेकंदांचं काम असेल तर इन अ सेकंद, त्याचंच छोटं रूप इन अ सेक, नाहीतर इन अ मोमेंट. वन सेक म्हटलं तरी चालतं. याच्या पुढे इन अ मिनिट, आता हे मिनिट घड्याळातलं नाही हे लक्षात ठेवा, दोन ते दहा मिनिटं काहीही असू शकतं, आपण 'एक मिनिट हं' म्हणतो तसंच. गंमत म्हणजे मोमेंट हे एकेकाळी खरोखर मोजायचं माप होतं, मध्ययुगात युरोपात तासाचा चाळिसावा भाग म्हणजे एक मोमेंट, आजच्या हिशोबाने साधारण 90 सेकंद. आज कुणी तसं मोजत नाही, पण इन अ मोमेंट म्हटल्यावर लोकांची अपेक्षा साधारण तेवढीच असते असं मला जाणवलंय.

त्याच्या पुढची पायरी इन अ बिट आणि इन अ लिटल व्हाइल. हे आपलं 'थोड्या वेळाने'. पंधरा मिनिटं, अर्धा तास, एखादा तास. इन अ बिट जास्त घरगुती आहे, मित्रांशी बोलताना छान वाटतं. लेटर म्हणजे त्याहून पुढे, आज कधीतरी. आणि शॉर्टली हा शब्द काही मिनिटं ते काही दिवस सगळीकडे चालतो पण तो जरा इस्त्री केलेला शब्द आहे, घोषणेत, ऑफिसच्या मेलमध्ये, फोनवर होल्डवर ठेवलं की ऐकू येतो तो. मैत्रिणीला आय विल कॉल यू शॉर्टली म्हटलं तर चूक नाही पण उगाच परकं वाटतं, तिला आय्ल कॉल यू इन अ बिट म्हणा.

दिवसांची गोष्ट असेल तर इन अ डे ऑर टू, इन अ कपल ऑफ डेज, इन अ फ्यू डेज. ब्रिटिश लोक दोन आठवड्यांना फोर्टनाइट म्हणतात, इन अ फोर्टनाइट म्हणजे पंधरवड्याने. अमेरिकेत हा शब्द रोजच्या बोलण्यात नाही, तिथे सरळ इन टू वीक्स.

पायरी 2: 'मिनिटांनी', 'मिनिटांत' आणि 'पर्यंत' यांची गाठ सोडवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि मी यावर जरा जास्तच बोलणार आहे, कारण इथे मराठीच आपल्याला फसवते.

आपण म्हणतो 'पाच मिनिटांनी येते'. डोक्यात येतं, नंतर, म्हणून आफ्टर. मग वाक्य बनतं आय विल कम आफ्टर फाइव्ह मिनिट्स. पण आत्ता या क्षणापासून मोजत असाल तर इंग्रजीत इन लागतं. आय्ल बी देअर इन फाइव्ह मिनिट्स. हे इन पाहून आपल्याला वाटतं की अरे हे तर 'पाच मिनिटांत' झालं, म्हणजे पाचाच्या आत. नाही. इंग्रजीतलं इन फाइव्ह मिनिट्स म्हणजे आपलं 'पाच मिनिटांनी'. पाचाच्या आत म्हणायचं असेल तर विदिन फाइव्ह मिनिट्स. म्हणजे आपल्या 'नी'साठी त्यांचा इन आणि आपल्या 'च्या आत'साठी त्यांचा विदिन, एवढं एक वहीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. (इन चा दुसराही एक अर्थ आहे, आय फिनिश्ड इट इन फाइव्ह मिनिट्स म्हणजे काम करायला पाच मिनिटं लागली, तिथे मात्र तो अगदी आपल्या 'पाच मिनिटांत' सारखा वागतो. भूतकाळात असला की हा अर्थ, येण्याजाण्याच्या भविष्यात असला की 'नी'चा अर्थ, असं ढोबळमानाने धरून चला.)

मग आफ्टर कुठे? आफ्टर ला समोर एखादी घटना लागते. आफ्टर द मीटिंग, आफ्टर लंच, आफ्टर यू लीव्ह. किंवा गोष्ट सांगताना, आफ्टर फाइव्ह मिनिट्स ही केम आउट, पाच मिनिटांनी तो बाहेर आला. 'थोड्या वेळाने फोन करते'चं आय विल कॉल आफ्टर सम टाइम हे भाषांतर आपल्याकडे इतकं रुळलंय की ते चूक वाटतच नाही, आपल्या आपल्यात समजतं पण, पण बाहेरच्या माणसाला ते अडखळल्यासारखं वाटतं, त्याला इन अ व्हाइल किंवा इन अ बिट ऐकायची सवय असते.

आता 'पर्यंत'. मराठीत 'शुक्रवारपर्यंत पाठवते' आणि 'शुक्रवारपर्यंत मी इथे आहे' दोन्हीकडे एकच पर्यंत. इंग्रजीत दोन वेगळे शब्द. पाठवणं हे एकदाच होणारं काम, त्याची शेवटची मुदत सांगायची, तिथे बाय. आय्ल सेंड इट बाय फ्रायडे. इथे असणं हे चालू राहणारं, तिथे अनटिल किंवा टिल. आय ॲम हिअर अनटिल फ्रायडे. आय विल सेंड इट टिल फ्रायडे म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात चित्र उभं राहतं की ही बाई शुक्रवार उजाडेस्तोवर एकच फाइल परत परत पाठवत बसणार. आणि बाय फ्रायडे मध्ये शुक्रवार धरलेला असतो साधारणपणे, शुक्रवारच्या आत म्हणायचं असेल तर बिफोर फ्रायडे.

वारांचाच विषय निघालाय तर हेही घ्या. 'येत्या शुक्रवारी' आणि 'पुढच्या शुक्रवारी' यात आपला गोंधळ कमी होतो, पण इंग्रजीत नेक्स्ट फ्रायडे म्हणजे नक्की कुठला यावर ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांचंही एकमत नसतं, काहींना तो अगदी जवळ येणारा शुक्रवार वाटतो, काहींना पुढच्या आठवड्यातला. म्हणून येत्यासाठी धिस कमिंग फ्रायडे म्हणा, आणि त्याच्या पुढच्यासाठी अ वीक फ्रॉम फ्रायडे, ब्रिटनमध्ये फ्रायडे वीक असंही म्हणतात. सोबत तारीख सांगितली तर सगळ्यात उत्तम.

पायरी 3: क्रियापदाचा काळ

मराठीची एक सुंदर खोड आहे, अगदी लगेच होणारी गोष्ट आपण भूतकाळात सांगतो. 'आलेच', 'निघालोच', 'हे बघ, झालंच'. अजून आलेले नसतो, पण येणं इतकं नक्की की झालंच म्हणून टाकतो. इंग्रजीला हे झेपत नाही. आय केम म्हणजे आले, संपलं. 'आलेच'साठी इंग्रजीत चालू काळ, कमिंग! किंवा आय ॲम कमिंग, आय ॲम ऑन माय वे, आणि अगदी दोन पावलांवर असाल तर आय ॲम ऑलमोस्ट देअर. थोडा वेळ उठून जाताय तर आय्ल बी राइट बॅक. हा राइट फार कामाचा शब्द आहे, त्याचा इथे बरोबर-चूकशी संबंध नाही, तो आपल्या 'च'चं काम करतो. राइट बॅक, राइट देअर, राइट अवे, राइट आफ्टर धिस. 'येते' चं 'येतेच' करायला आपण च लावतो, इंग्रजी राइट लावतं.

दुसरी खोड, आपण वर्तमानकाळात भविष्य सांगतो, 'मी उद्या येते'. ते उचलून आय कम टुमॉरो केलं की बिघडलं. वेळापत्रकाच्या गोष्टी तेवढ्या इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात चालतात, द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स, द क्लास स्टार्ट्स टुमॉरो. माणसाचं स्वतःचं ठरलेलं असेल तर चालू काळ, आय ॲम मीटिंग हर टुमॉरो. आधीपासून मनात असेल किंवा समोर लक्षणं दिसत असतील तर गोइंग टू, ढग दाटून आलेत, इट्स गोइंग टू रेन. आणि आत्ता या क्षणी ठरवलं तर विल, फोन वाजला, तुम्ही म्हणालात मी घेते, आय्ल गेट इट, तिथे आय ॲम गोइंग टू गेट इट म्हटलं तर असं वाटतं की तुम्ही सकाळपासून त्या फोनची तयारी करून बसला होतात. मला विचाराल तर नवशिक्यांनी विल थोडा कमी आणि गोइंग टू व चालू काळ थोडे जास्त वापरावेत, शाळेत फ्यूचर टेन्स म्हणजे विल एवढंच डोक्यात बसलेलं असतं ते सैल व्हायला मदत होते.

अजून एक, ॲज सून ॲज, व्हेन, बिफोर, अनटिल यांच्या पाठोपाठ येणाऱ्या वाक्यात विल घालायचं नाही. 'घरी पोचले की फोन करते', ॲज सून ॲज आय गेट होम, आय्ल कॉल यू. गेट, विल गेट नाही.

पायरी 4: अबाउट टू

'मी निघणारच होते तेवढ्यात फोन आला.' हे वाक्य ज्याला इंग्रजीत सहज म्हणता आलं त्याला ही पायरी आली. आय वॉज जस्ट अबाउट टू लीव्ह व्हेन द फोन रँग. अबाउट टू म्हणजे कडेवर उभं राहणं, पुढच्याच क्षणी होणार. आय ॲम अबाउट टू स्टार्ट, द मीटिंग इज अबाउट टू एंड.

दोन गोष्टी सांभाळा. याच्यासोबत वेळ सांगत नाहीत, आय ॲम अबाउट टू लीव्ह टुमॉरो किंवा अबाउट टू लीव्ह इन टेन मिनिट्स विचित्र लागतं, कारण 'आत्ताच' हे अबाउट टू च्या पोटातच आहे. आणि दुसरं, नकार आला की अर्थ पूर्ण पलटतो. आय ॲम नॉट अबाउट टू अपॉलोजाइझ म्हणजे 'मी इतक्यात माफी मागणार नाही' नाही, 'मी माफी बिफी अजिबात मागणार नाही'. भांडणात वापरायचं वाक्य आहे ते. आणि इट्स अबाउट टाइम ला यातलंच समजू नका, ते वेगळं, 'झालं एकदाचं, केव्हाच व्हायला हवं होतं' असं.

पायरी 5: वाट बघतानाची वाक्यं

बस यायची आहे, निकाल लागायचा आहे, आपण वाट बघतोय. एनी मिनिट नाऊ, एनी सेकंद नाऊ, एनी डे नाऊ. द बस शुड बी हिअर एनी मिनिट नाऊ, बस आता कुठल्याही क्षणी येईल. हे नाऊ वाक्याच्या शेवटी, आणि बोलताना शुड सोबत छान बसतं कारण तुमची खात्री आहे पण बस तुमच्या हातात नाही.

ड्यू हा शब्द इथेच शिकून घ्या. द ट्रेन इज ड्यू ॲट टेन, गाडी दहाला अपेक्षित आहे. द रिपोर्ट इज ड्यू ऑन मंडे, सोमवारी द्यायचाय. शी इज ड्यू इन मार्च, तिला मार्चमधली तारीख दिलीये, म्हणजे बाळंतपणाची. ओव्हरड्यू म्हणजे तारीख उलटून गेली.

नकारासाठी एनी टाइम सून, आणि याला मराठीत इतका चपखल शब्द आहे की मला दर वेळी आनंद होतो. 'तो एवढ्यात काही येत नाही', ही इज नॉट कमिंग एनी टाइम सून. आपलं 'एवढ्यात काही' आणि त्यांचं एनी टाइम सून दोन्ही नकारात खुलतात. आर यू लीव्हिंग एनी टाइम सून असं प्रश्नातही चालतं. पण होकारात, आय्ल कम एनी टाइम सून, नको. तिथे नुसतं सून.

'आज ना उद्या होणारच' यासाठी सूनर ऑर लेटर, किंवा इट्स ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम. दिसायला जवळचा पण वेगळा म्हणजे सूनर रादर दॅन लेटर, त्याचा अर्थ उशीर न करता, जमेल तितकं लवकर. बिफोर लाँग म्हणजे फार दिवस जायच्या आत, आणि बिफोर यू नो इट म्हणजे बघता बघता. धीर द्यायला हे शेवटचं फार छान आहे, परीक्षा चालू असलेल्या मुलाला इट्स गोइंग टू बी ओव्हर बिफोर यू नो इट म्हणून बघा.

एक सावध राहायचा शब्द, इव्हेंच्युअली. लवकर याच्याशी त्याचा काही संबंध नाही. 'शेवटी कधीतरी, बऱ्याच खटाटोपानंतर' असा तो आहे. कुणी वी विल इव्हेंच्युअली फिक्स इट म्हणालं तर आशा धरा पण वाट बघत बसू नका. व्हाइल पण तपासून वापरा, इन अ व्हाइल म्हणजे थोड्या वेळाने, पण आय हॅवन्ट सीन यू इन अ व्हाइल म्हणजे बऱ्याच दिवसांत भेट नाही.

पायरी 6: चित्र असलेले शब्दप्रयोग

'परीक्षा तोंडावर आली' म्हणतो ना आपण, त्यांच्याकडे परीक्षा कोपऱ्यावर येते, द एक्झाम्स आर जस्ट अराउंड द कॉर्नर. वळणापलीकडे आहे, दिसत नाही अजून पण दोन पावलांत समोर येईल. सण, सुट्ट्या, निवडणुका, ऋतू असल्या तारखेने येणाऱ्या गोष्टींना हे बसतं, फोन करणं किंवा मेल पाठवणं असल्या कामांना नाही. (पत्ता सांगताना अराउंड द कॉर्नर म्हणजे खरंच जवळ, हाकेच्या अंतरावर.)

'रडायच्या बेतात होती', शी वॉज ऑन द व्हर्ज ऑफ टिअर्स. 'डबघाईला आलेली कंपनी', ऑन द ब्रिंक ऑफ कोलॅप्स. व्हर्ज आणि ब्रिंक दोन्हींचा मूळ अर्थ कड, ब्रिंक तर उंच कड्याची कड, म्हणून ब्रिंक बहुतेक वेळा वाईटाकडेच जातो, युद्ध, दिवाळं, उपासमार. व्हर्ज चांगल्यालाही चालतो, ऑन द व्हर्ज ऑफ अ ब्रेकथ्रू. लग्न ठरत आलेल्या माणसाला ऑन द ब्रिंक ऑफ मॅरेज म्हणू नका.

'घाटतंय', 'शिजतंय' अशा अर्थी इन द पाइपलाइन, काम सुरू झालंय आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडेल. ऑफिसात रोज ऐकाल. इन द ऑफिंग थोडा जुना पण वाचनात येतो आणि मला फार आवडतो. ऑफिंग म्हणजे किनाऱ्यावरून दिसणारा लांबचा समुद्र, नांगर टाकायच्या जागेच्या पलीकडचा. जहाज तिथे दिसलं की किनाऱ्यावरच्यांना कळायचं की आता ते बंदराला लागणार, तिथून तो कुठल्याही होऊ घातलेल्या गोष्टीला चिकटला.

इमिनंट हा शब्द लॅटिनमधल्या 'डोक्यावर लोंबकळणं' या अर्थाच्या क्रियापदातून आलाय आणि अजून त्यात ती टांगती तलवार आहे. इमिनंट डेंजर, इमिनंट कोलॅप्स. इम्पेंडिंग तसाच. आनंदाच्या बातमीला अपकमिंग घ्या, ऑफिशियल कागदात फोर्थकमिंग. आणि इमिनंट आणि एमिनंट यांत एका स्वराचा फरक आहे, एमिनंट म्हणजे नामवंत, एखाद्या नामवंत पाहुण्याची ओळख करून देताना हा स्वर घसरू देऊ नका.

पायरी 7: मेल आणि ऑफिस

ॲज सून ॲज पॉसिबल, त्याचं छोटं रूप एएसएपी, कुणी एसॅप म्हणतं कुणी एकेक अक्षर. आपण ते नम्र समजून लिहितो पण वाचणाऱ्याला ते हुकूम सोडल्यासारखं वाटतं, विशेषतः वरिष्ठाला लिहिलेलं असेल तर. त्याऐवजी कुड यू सेंड धिस बाय थर्सडे? तारीख आली की हुकमाचा वास जातो आणि कामही वेळेत होतं. ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स म्हणजे तुमच्या सोयीने लवकरात लवकर, नम्र आहे पण घाई असेल तर वापरू नका, समोरचा खरंच सवडीने करेल. इन ड्यू कोर्स म्हणजे आपलं सरकारी 'यथावकाश', हे उत्तर आलं तर आठवडाभराने परत विचारायची नोंद करून ठेवा.

वचनांच्या ताकदीतही फरक आहे. आय ॲम ऑन इट म्हणजे लागलेच कामाला. आय्ल गेट टू इट सून म्हणजे रांगेत आहे. आय्ल गेट राउंड टू इट म्हणजे वेळ मिळाला की, आणि तो मिळेलच असं नाही. दिवसअखेर सांगायला एंड ऑफ डे लिहितात, पण समोरचा दुसऱ्या टाइम झोनमध्ये असेल तर कुणाचा दिवस हे लिहाच. माझ्याबरोबर एकदा असं झालंय, मी माझी संध्याकाळ धरून काम केलं आणि समोरच्या टीमची मीटिंग त्याआधीच संपून गेली होती, तेव्हापासून मी वाजलेले तास आणि टाइम झोन दोन्ही लिहिते.

पायरी 8: देशागणिक बदलणारे शब्द

मोमेंटरिली. अमेरिकन पायलट म्हणतो वी विल बी लँडिंग मोमेंटरिली, त्याचा अर्थ थोड्याच वेळात उतरू. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत त्याचा अर्थ क्षणभरासाठी. प्रेझेंटली ब्रिटनमध्ये पूर्वापार 'थोड्या वेळात', अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये 'सध्या'. हे दोन्ही शब्द नवीन माणसाने बोलताना टाळावेत, ऐकताना ओळखावेत. जस्ट नाऊ ब्रिटिश-अमेरिकन बोलण्यात बहुतेकदा 'आत्ताच, मघाशी', ही लेफ्ट जस्ट नाऊ. म्हणून 'आत्ता येते'साठी आय्ल कम जस्ट नाऊ म्हणू नका. दक्षिण आफ्रिकेत मात्र जस्ट नाऊ म्हणजे नंतर कधीतरी, आणि त्याहून लवकर म्हणायचं असेल तर नाऊ नाऊ. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात ड्रेकली म्हणतात, मूळ शब्द डायरेक्टली, अर्थ होईल तेव्हा होईल.

आणि हे काही आजचं नाही. सून चं जुन्या इंग्रजीतलं रूप सोना, त्याचा अर्थ होता तत्काळ. ॲनॉन म्हणजेही एकेकाळी लगेच, प्रेझेंटली म्हणजेही लगेच, बाय अँड बाय 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्येसुद्धा ताबडतोब या अर्थाने आलेलं आहे. एकेक करून सगळे 'थोड्या वेळाने'कडे घसरले, कारण लोक लगेच म्हणायचे आणि उशीर करायचे, मग ऐकणारे त्या शब्दाचा तोच अर्थ धरायला लागले. आपल्या 'आत्ता करते'चं घरोघरी काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. म्हणूनच आज खरोखर ताबडतोब म्हणायचं असेल तर राइट अवे किंवा ब्रिटिश स्ट्रेट अवे लागतं, आणि कुणी खरंच वाट बघत असेल तर शब्दाच्या जोडीला आकडा.

पायरी 9: तोंडात बसवा

लिहून पाठ करण्यापेक्षा मोठ्याने बोला, आणि जोडून बोला. इन अ मिनिट असं तुटक नाही, इनमिनिट नाही, इना मिनिट. इना सेक, इना बिट. आय विल ऐवजी आय्ल. गोइंग टू मित्रांत गॉना होतं, ऐकायला शिका, बोलायची घाई नको. अबाउट टू मधला टू अगदी हलका, जवळजवळ ट एवढाच.

मग ही मराठी वाक्यं घ्या, उत्तर झाकून आधी स्वतः बोला. 'थांब, आलेच.' हँग ऑन, आय्ल बी राइट देअर. 'मी आता फोन करणारच होते तुला.' आय वॉज जस्ट अबाउट टू कॉल यू. 'दहा मिनिटांनी निघू.' लेट्स लीव्ह इन टेन मिनिट्स. 'पाऊस एवढ्यात काही थांबत नाही.' द रेन इज नॉट स्टॉपिंग एनी टाइम सून. 'बुधवारपर्यंत कळवते.' आय्ल लेट यू नो बाय वेन्सडे. 'ती कुठल्याही क्षणी पोचेल.' शी शुड बी हिअर एनी मिनिट नाऊ. 'काम झालं की मेसेज करते.' आय्ल टेक्स्ट यू ॲज सून ॲज आय ॲम डन. या सातांत जिथे अडखळाल ती पायरी उद्या परत वाचा, आणि ज्या वाक्यात अजून सून तोंडात आलं तिथे थांबून विचारा की समोरच्याने किती वेळ थांबायचंय.